मॉडेल केलेला पियानो: सहावा आठवडा

गेल्या नोंदीत लिहिलं होतं, पियानोटेक (रेकॉर्डिंग न वापरता, गणिती मॉडेलवरून पियानोचा आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर) काढून टाकणार. काढला नाही. उलट या आठवड्यात सॅम्पलचा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या स्वरांचा, संच एकदाच उघडला, तोही तुलनेपुरता.

एकेक स्वर सुटा ऐकला तर सॅम्पल सरस, यात वाद नाही. खऱ्या पियानोचं रेकॉर्डिंगच ते. लाकूड, खोली, हातोडीचा ठोका, सगळं आयतं. पियानोटेकचं मधलं सप्तक मात्र मला काचेचं वाटायचं. पण सुटे स्वर वाजवायला कोण बसतं?

रविवारी एका मित्राच्या ग्रँड पियानोवर बसायला मिळालं. मधल्या सीच्या खालचा सी आवाज न होऊ देता हलकेच दाबून धरला आणि मधला सी टुणकन वाजवून सोडला. वाजवलेली तार लगेच दबली, पण खालच्या मोकळ्या तारेतून तोच स्वर धूसरसा येत राहिला, कारण मधला सी हा तिचा दुसरा हार्मोनिक (तिच्या मूळ कंपनाच्या दुप्पट वेगाचं कंपन). शेजारचा सी शार्प वाजवून पाहिला, तर तार जवळपास गप्प. घरी हेच पियानोटेकवर केलं आणि तार तशीच गुंजली. माझ्या जुन्या सॅम्पल संचात बोट उचललं की शांतता. (नव्या संचांत ही गुंज जोडलेली असते, पण माझा तसा नाही.) शिवाय त्यात जोराचे आठच थर (हळू ते जोरात अशी वेगवेगळी रेकॉर्डिंगं), आवाज चढवत नेला की मध्येच पायरी लागते.

मग काचेचं काय? मिडी मॉनिटर (कीबोर्ड सॉफ्टवेअरला काय पाठवतो ते दाखवणारा प्रोग्राम) लावून बसलो आणि चोर सापडला. बेताने वाजवलं तरी माझा कीबोर्ड जोराचे आकडे 95 च्या पुढे पाठवत होता, कमाल 127. हातोडी जोरात आदळली की तिचा नमदा दबून कडक होतो आणि स्वर उजळतो. मॉडेल हेच इमानाने करत होतं! वेलॉसिटी कर्व्ह (किती जोराला कोणता आकडा धरायचा ते ठरवणारी रेघ) मध्यावर खाली ओढला, तेच वाजवणं 70 च्या आसपास आलं आणि काच बरीचशी गेली. सहा आठवडे उगाच सॉफ्टवेअरला बोल लावला.

बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात, त्या एकमेकींपासून किंचित बेसूर करायची सोयही आहे. थोडी वाढवली, विरत जाणारा स्वर जिवंत झाला. हावरटपणे आणखी वाढवली, तर शाळेच्या हॉलमधला पडीक पियानो.

ग्रँडच्या पट्ट्यांतून बोटांना जाणवणारी थरथर हेडफोनमध्ये येत नाही, ते सोडून दिलंय. अर्ध्या पेडलची, म्हणजे पेडल अर्धवट दाबून वाजवण्याची, चाचणी राहिली. माझं पेडल निव्वळ चालू-बंदचं आहे, आधी ते बदलायला हवं.