आमची वाटचाल : क्रियापद शेवटी

दारव्ह्यात आमचं दुकान कॉम्प्युटर दुरुस्ती आणि टायपिंगचं. कॉम्प्युटरला मराठीतून आज्ञा देता येतील अशी प्रोग्रामिंगची भाषा बनवायचं खूळ शिरलं ते एका जिनिंगमुळे (कापसातून सरकी काढायचा कारखाना). दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की तिथले मुनीमजी रात्री उशिरापर्यंत काटापट्ट्या (गाडीच्या वजनाच्या पावत्या) एकेक करून एक्सेलमध्ये चढवायचे. आम्ही ऑटोहॉटकीत, म्हणजे कीबोर्डाची कामं आपोआप करून घेणाऱ्या साधनात, स्क्रिप्ट लिहून दिली. छान चालली, पण काट्याच्या फाइलीत एक रकाना वाढला की फोन, आणि मी मोटरसायकल काढून तिकडे. शेवटी मुनीमजीच वैतागले, "भाऊ, हे मराठीत नाही लिहिता येत काय? मीच करून घेतो ना."

लुआ ही प्रोग्रामिंगची भाषा १९९३ साली ब्राझीलमधल्या रिओत जन्मली. मग दारव्ह्यात का नको? (आमचं आतलं इंजिन लुआचंच आहे, उगाच फुशारकी नको.)

पहिला प्रयत्न म्हणजे इंग्रजी आज्ञांना मराठी टोप्या: 'उघड पट्टी, टाक वजन'. मुनीमजी हसले, "असं कोण बोलते?" आणि वहीवर लिहून दिलं : पट्टी उघड. वजन खात्यात टाक. क्रियापद शेवटी! मग पार्सर, म्हणजे ओळीचा अर्थ लावणारा भाग, ओळ शेवटाकडून वाचू लागला. 'टाक' दिसलं की 'त' प्रत्ययाचा शब्द शोधायचा, बाकीचे पुढेमागे झाले तरी चालतात. सामान्यरूपांनी मात्र घाम फोडला. 'खाते'चं 'खात्यात' होतं, प्रत्येक फाइलीच्या नावाचं काय काय होईल? शेवटी नाव अवतरणात आणि प्रत्यय बाहेर : "खाते" मध्ये.

सगळ्यात जास्त छळलं ते 'दुसऱ्या' या शब्दाने. 'दुसऱ्या पानावर जा' आमच्याकडे चालायचं, जिनिंगमध्ये नाही. अक्षर न् अक्षर सारखं दिसायचं. चार दिवसांनी कळलं, आमच्या कीबोर्डावर ऱ स्वतंत्र कळीने येतो, त्यांच्याकडे र आणि हलंतापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह बसतं. डोळ्यांना एक, कॉम्प्युटरला दोन. आता ओळ वाचण्याआधी सगळं एका साच्यात घेतो.

लाइट गेली तर? प्रत्येक ओळ झाली की तशी नोंद होते, लाइट आली की पुढून सुरू.

'पुसून टाक' ही आज्ञा आम्ही ठेवलीच नाही. एकदा माझ्याच चुकीने एका आठवड्याच्या पट्ट्या उडाल्या होत्या, पुन्हा कागदावरून चढवाव्या लागल्या. त्याऐवजी 'बाजूला ठेव' आहे. मुनीमजींचं 'बाजूला' फोल्डर आता इतकं फुगलंय की डिस्क भरत आली आहे, आणि ते रोज विचारतात, याचं काय करू?