आमच्या अंतर्गत समितीची पहिली चौकशी

तक्रार काय होती, कोणाची होती, कोणावर होती, हे मी इथे सांगणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातलं कलम १६ त्याची मुभा देत नाही, आणि मुभा असती तरी सांगितलं नसतं. सांगायचं आहे ते आमच्या बाजूचं. एचआर म्हणून माझं काय काय चुकलं आणि ते तीन महिने कसे गेले.

मी एका मध्यम आकाराच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत एचआर बघते. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, हे मला पाठ होतं. आमच्याकडे ती होतीही. रिसेप्शनजवळच्या फलकावर, वाढदिवसांच्या यादीशेजारी, चार नावांचा एक कागद लावलेला होता. दर वर्षी ऑडिटला त्याचा फोटो पाठवला की माझं काम संपायचं.

तक्रारीची मेल आली ती एका शुक्रवारी संध्याकाळी. मी लगेच तक्रार करणारीला फोन लावला आणि म्हणाले, “तू काळजी करू नकोस. सोमवारी आपण तिघं बसून बोलू.” इतकी वर्षं मी हेच करत आले होते. दोघांत वाजलं की समोरासमोर बसवायचं, चहा मागवायचा, दोघांचं ऐकायचं आणि मिटवायचं. यात माझा हातखंडा आहे असं सगळेच म्हणतात, मीही मानत होते. ती फक्त “बरं” म्हणाली.

शनिवारी फाइल उघडली आणि पायाखालची जमीन सरकली. समिती नेमल्याचा आदेश पाच वर्षांपूर्वीचा होता. सदस्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. पीठासीन अधिकारी, म्हणजे समितीच्या प्रमुख, म्हणून ज्या मॅडमचं नाव होतं त्या नोकरी सोडून गेल्या होत्या. त्यांच्या निरोपाचा केक मीच मागवला होता. बाहेरचा सदस्य महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला हवा. आमचे बाहेरचे सदस्य म्हणजे कंपनीचे करसल्लागार, डायरेक्टरांच्या रोजच्या बैठकीतले. आदेशावरचं नावसुद्धा जुनं, ‘अंतर्गत तक्रार समिती’. त्यातला ‘तक्रार’ हा शब्द २०१६ च्या दुरुस्तीत गळाला. आमचा कागद त्याच्याही नंतरचा, म्हणजे कुठून तरी जसाच्या तसा उतरवलेला.

नवीन बाह्य सदस्य शोधायला तीन दिवस गेले. शेवटी महिला समुपदेशन केंद्रात बरीच वर्षं काम केलेल्या आणि दोन-तीन कंपन्यांच्या समित्यांवर असलेल्या एक बाई तयार झाल्या. पहिल्याच फोनवर त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. आदेशाची तारीख काय, समितीत निम्म्या तरी बायका आहेत का, आणि मेल आल्यावर तुम्ही तिच्याशी नेमकं काय बोललात. मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “तडजोडीचा विषय तिनं काढायचा असतो, तुम्ही नाही.”

कलम १० मी वाचलेलं होतं, पण समेटाची सोय आहे एवढंच डोक्यात राहिलं होतं. तो समेट चौकशी सुरू होण्याआधीच, तिनं स्वतः मागितला तरच होतो, आणि पैसे देऊन तर मुळीच नाही. तिनं न मागता एचआरनंच ‘बसून बोलू’ म्हणणं याला तिच्या बाजूनं दबावच म्हणतात. बाईंनी आणखी एक सुचवलं: हा फोन झालाय, तर तुम्ही समितीत सदस्य म्हणून बसू नका. नोटिसा, पोच, तारखा एवढंच सांभाळा. थोडं लागलं मला ते. पण बरोबर होतं.

डायरेक्टरांची वेगळीच तऱ्हा. “आपण एका घरासारखे आहोत, घरातलं घरात बघा.” मी त्यांच्यापुढे कलम २६ ठेवलं. समिती नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड, पुन्हा तसंच झालं तर दुप्पट, शिवाय परवाना रद्द होऊ शकतो. दंडाच्या आकड्यावर त्यांची नजर टिकली नाही, परवान्यावर टिकली. नव्या समितीच्या आदेशावर सही त्याच दिवशी झाली.

नवी यादी मी तिच्या हातात दिली तेव्हा तिनं विचारलं, “माझी तक्रार आल्यावर तुम्ही समिती बनवली, तीही तुमच्याच लोकांची. मी विश्वास का ठेवायचा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाईंकडे निदान वाट होती. त्यांनी दोघांनाही, तिला आणि त्यालाही, यादीतल्या कुणावर हरकत असेल तर कारणासह लेखी द्या असं कळवलं. एका नावावर हरकत आली. आम्ही ते बदललं.

पुढचं सगळं कॅलेंडरचं काम. नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती लागतात. आम्हीच मेलच्या प्रिंट काढून तिच्या सह्या घेतल्या. सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत त्याला, आणि ती मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत त्याचं लेखी उत्तर. चौकशी नव्वद दिवसांत पुरी. चौकशी चालू असताना ती लेखी मागणी करू शकते: दोघांपैकी एकाची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा, किंवा तिच्या कामाचा अहवाल त्यानं लिहू नये. तिनं काय मागितलं आणि काय मिळालं, ते राहू दे. पण अप्रेझलचा हंगाम चालू असताना अशी तक्रार आली, तर हा शेवटचा पर्याय आधी तपासा.

वकील कोणत्याच बाजूला चालत नाही, हे ऐकून दोघंही चकित झाले. बैठकीला पीठासीन अधिकारी धरून किमान तिघं हजर लागतात, आणि आमच्यात एकाला सतत टूर. एक बैठक त्यापायी वाया गेली. उलटतपासणीचे प्रश्न लेखी घेतले आणि समितीनं विचारले, म्हणजे दोघांना समोरासमोर बसायला नको.

सगळ्यात मोठी घोडचूक मात्र माझीच. तारखा जुळवायला मी समितीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. सोमवारच्या सेल्स रिव्ह्यूत माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला, आणि भिंतीभर उमटलं: ‘आयसी बैठक, उद्या ११ वाजता, साक्षीदार क्र. २’. आयसी म्हणजे अंतर्गत समिती. नाव कुणाचं नव्हतं. तरी दुपारपर्यंत चहाच्या मशीनपाशी अंदाज सुरू झाले होते, आणि त्यातला एक अंदाज तिच्या कानावर गेला. गोपनीयता मोडणाऱ्याकडून पाच हजार रुपये वसूल करायची तरतूद नियमांत आहे. बाईंनी घडला प्रकार माझ्याच अक्षरात लिहून घेतला आणि फाइलला लावला. ग्रुप बंद. त्यानंतर बंद लिफाफे आणि एक आवक-जावक वही. जुन्या सरकारी कचेऱ्यांना मी उगाच हसत आले होते.

साक्षीदारांनी नेहमीचं केलं. “माझं लक्ष नव्हतं.” “नक्की आठवत नाही.” अधूनमधून डायरेक्टर विचारायचे, “खोटं निघालं तर तिच्यावर कारवाई ना?” मी कलम १४ सांगायचे: तक्रार सिद्ध न होणं म्हणजे ती खोटी असणं नव्हे. जाणूनबुजून, द्वेषबुद्धीनं केली असं वेगळ्या चौकशीत ठरावं लागतं. हे वाक्य मी त्या तीन महिन्यांत चार वेळा म्हटलं असेन, चारही वेळा त्यांच्यासाठी ते नवीन होतं.

निष्कर्षांची प्रत दोघांना दिली, दोघांचं म्हणणं परत घेतलं, आणि सत्त्याऐंशीव्या दिवशी चौकशी संपली. अहवालाला त्यापुढे दहा दिवस, कंपनीला अंमलबजावणीला साठ दिवस, आणि ज्याला पटलं नाही त्याला अपिलाला नव्वद. अहवाल काय होता ते विचारू नका.

त्यानंतर आमच्या कंपनी सेक्रेटरींचा फोन. १४ जुलै २०२५ पासून संचालक मंडळाच्या अहवालात तीन आकडे द्यावे लागतात: वर्षभरात आलेल्या तक्रारी, निकाली निघालेल्या, आणि नव्वद दिवसांहून जास्त रखडलेल्या. मी सांगितलं: एक, एक, शून्य. “अरेरे,” ते म्हणाले, “आपलं दर वर्षी निरंक असायचं.”

तिच्या प्रतीचा लिफाफा मी स्वतः दिला. तिनं वहीत सही केली, तारीख घातली, वेळ घातली. मग पेन बंद करताना म्हणाली, “मॅडम, त्या शुक्रवारी तुम्ही ‘बसून बोलू’ म्हणालात ना, तेव्हा तक्रार मागे घेतल्याची मेल मी टाइप करून ठेवली होती. रविवारी रात्री खोडली.”

मी वही मिटली आणि तिला जिन्यापर्यंत सोडलं.