आमची वाटचाल: गच्ची, चोवीस ट्रे आणि 320 किलो केळी

भुसावळच्या उन्हाला सगळे नावं ठेवतात. मी कधी ठेवली नाहीत, कारण आमचं घर त्याच उन्हावर चाललं. मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की दुपारी गच्चीवर अनवाणी पाऊल टाकता येत नाही, आणि सकाळी पसरलेल्या कांद्याच्या चकत्या दिवेलागणीला हातात वाजायला लागतात. पुण्याहून फोन येतात, "काकू, तुमच्यासारखं कडक का होत नाही आमचं?" अहो, तुमच्याकडे बाल्कनी आहे, आमच्याकडे भट्टी आहे.

2009 मध्ये मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी वाळवणाच्या धंद्याला सुरुवात केली. सुरुवात सगळ्यांची असते तीच: ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड. पण भुसावळात पापड करणारी बाई दर गल्लीत आहे. पाला वाळवायचं डोकं सासूबाईंचं. 1972च्या दुष्काळात त्या नव्याने सासरी आल्या होत्या. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळायची, दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, भाजी मात्र कुठेच नव्हती. घरात आदल्या वर्षीच्या हरभऱ्याच्या वाळवलेल्या पाल्याचं एक मडकं होतं. मूठभर पाला चुरून, लसणाची फोडणी देऊन, डाळीच्या पाण्यात घालून ते त्यांनी पुरवून पुरवून वापरलं. त्या शेवटपर्यंत म्हणायच्या, "पैसा नसला तरी चालेल, मडकं रिकामं नको." मला तेव्हा ते जुन्या माणसांचं बोलणं वाटायचं.

तर आम्ही पाला धरला. हरभरा, मेथी, अंबाडी. मग गवार, वांग्याच्या चकत्या, कांदा, टोमॅटो, आमचूर. निवडलेली 10 किलो मेथी वाळवली की हाती जेमतेम किलोभर येते. हे गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही. त्याला 100 ग्रॅमचं पाकीट दिसतं आणि बाजारातली दहा रुपयांची जुडी आठवते.

ट्रे आमच्या सुतार आप्पांनी केले. दोन फूट बाय तीन फूट, सागाच्या पट्ट्या, कोपऱ्यांना खाच पाडून बसवलेल्या, एकही खिळा मालाच्या बाजूला नाही. असे चोवीस. पहिल्या वर्षी पैसे वाचवायला त्यांवर खिडकीला लावतात ती जस्ताच्या मुलाम्याची जाळी ठोकली. त्यावर कैरीचे काप घातले आणि दुसऱ्या दिवशी उचलले तर प्रत्येक कापावर करड्या चौकटी उमटलेल्या, जणू वहीचा कागद. आंबट वस्तू जस्ताला खाते, आणि ते आपल्या पोटात जातं. तो सगळा आमचूर टाकला, जाळ्या उपटल्या आणि स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. खर्च तिप्पट झाला. आजही त्याच जाळ्या आहेत. आप्पा गेले, ट्रे अजून वळलेले नाहीत.

आमचा माल सुरुवातीला एक व्यापारी सुटा उचलायचे. त्यांचं नाव लिहीत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही पोत्यात द्यायचो, ते स्वतःच्या छापाच्या पाकिटात भरायचे. चार वर्षं आमची मेथी त्यांच्या नावाने खपली. 2013 मध्ये आम्ही फूड लायसन्स काढून स्वतःचं पाकीट केलं, तेव्हा ते घरी आले, चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "वहिनी, बायकांनी करायचं आणि पुरुषांनी विकायचं, हे बरं असतं." मी तेव्हा काही बोलले नाही. अजून झोपताना कधीकधी उत्तर सुचतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मागच्याच गल्लीत स्वतःचं वाळवण सुरू केलं आणि आमच्याकडच्या दोन बायका जास्त मजुरीवर नेल्या. त्यांची मेथी आमच्यापेक्षा हिरवी दिसते. ती तशी का दिसते ते मला विचारू नका. वाळलेली मेथी पोपटासारखी हिरवी असेल तर चिमूटभर कोमट पाण्यात टाकून पाहा, पाण्याला रंग कसा सुटतो ते.

2014 ते 2019 बद्दल सांगण्यासारखं काही नाही. माल वाळला, विकला गेला, मुलीचं लग्न झालं, विजेवर चालणारा ड्रायर आला.

2020 मध्ये केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली. कर्जावर 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, आणि प्रत्येक जिल्ह्याला एक उत्पादन, त्यात आमच्या जळगावला केळी. झालं, जो तो केळीच्या मागे लागला. रावेर-यावलचा पट्टा हाताशी, केळी स्वस्त. आम्ही अनुदानाला अर्ज केला नाही, पण केळीचा मोह झाला. वसईकडे राजेळी जातीच्या केळ्यांची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी करतात, आपल्याकडे का होऊ नयेत? जाऊ म्हणाली, "ताई, आपलं केळं वेगळं, पाणी जास्त, हात लावू नका." तिचं ऐकलं असतं तर हे पान लिहायला विषयच उरला नसता.

2021च्या मे महिन्यात दीड टन पिकी केळी घेतली. सोलून, उभी चिरून, लिंबाच्या पाण्यातून काढून ट्रेवर लावली. केळी 55 ते 60 अंशांवर सावकाश वाळवायची असतात, एका घाण्याला अठरा तासही लागतात. मला दिवसाला दोन घाणे काढायचे होते. मी ड्रायरचा काटा 75वर नेला. आठ तासांत केळी बाहेर आली, सोनेरी, वरून कोरडी. इथेच फसले. जास्त आचेवर वरचं कातडं आधी आवळून घट्ट होतं आणि आतलं पाणी आतच कोंडतं. हाताला कोरडं लागतं, पण चाकूने मधोमध कापलं तर पोटात ओल चमकते. मी कापून पाहिलंच नाही. 320 किलो माल, तोही गरम असतानाच, पाकिटांत भरून सील केला आणि नाशिक-पुण्याला पाठवला.

पाऊस लागला. जुलैत पहिला फोन आला, मग रोज. पाकिटाच्या आतून दव, केळीवर पांढरी लव. सगळा माल परत मागवला, भाडंही आम्हीच भरलं. बुरशी पुसून उरलेलं खाता येत नाही, ते आत कुठवर गेलं डोळ्यांना दिसत नाही. मागच्या शेतात खड्डा घेऊन सगळं पुरलं. जाऊ पाकिटं फाडत होती, मी ओतत होते. दोघी एक शब्द बोललो नाही. बँकेचे हप्ते थकले, ड्रायर विकायचं ठरलं, बघायला माणूसही येऊन गेला.

चूक माझी होती, ती मी छातीठोकपणे सांगते. पण मागच्या गल्लीतल्यांनी दुकानोदुकानी जाऊन सांगितलं की यांच्या सगळ्याच मालाला बुरशी असते. मेथीलाही. ज्या मेथीवर त्यांनी चार वर्षं पाकीट छापलं, त्या मेथीला!

अशा वेळी आले आमचे गार्डसाहेब. रेल्वेत आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आम्ही गार्डसाहेबच म्हणतो. 2011 पासूनचं गिऱ्हाईक. ड्युटीच्या पेटीत आमची दोन पाकिटं कायम. मुगाची डाळ, तांदूळ, वाळलेला कांदा, टोमॅटो आणि मेथी एकत्र केलेली खिचडी, रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, पाणी उकळलं की वीस मिनिटांत तयार. दर वेळी एकच तक्रार: मीठ जास्त आहे.

31 ऑगस्ट 2021ला चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, बाजारपेठेत पाणी शिरलं. गार्डसाहेबांची सासुरवाडी चाळीसगावची. दुसऱ्याच दिवशी दारात हजर. "200 पाकिटं पाहिजेत. चूल पेटेल, पण भाजी-कांदा कुठून आणायचा?" मी म्हटलं, "साहेब, आमचं नाव खराब झालंय." ते म्हणाले, "मी केळी मागितली का?" दोन रात्री जागून पाकिटं भरली. यावेळी प्रत्येक ट्रेतला तुकडा मोडून पाहिला. त्यांनी पैसे रोख मोजले, एक रुपया कमी नाही. घरात पाणी शिरलेल्यांनी ती खिचडी खाल्ली आणि तिथूनच ऑर्डरी सुरू झाल्या. ड्रायर राहिला.

आणि फोटो कुणाचा छापून आला? मागच्या गल्लीतल्यांचा. पापडाचे दोन डबे घेऊन गेले होते. पुरात पापड! तळायला तेल कुठून आणायचं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

आता विषय निघालाच आहे तर सांगते. घरी वाळवून ठेवणार असाल तर माल पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. आधी काचेच्या बरणीत आठ-दहा दिवस ठेवा, रोज हलवा. काचेवर जरा जरी दव दिसलं तरी परत उन्हात. पाला चुरला की भुगा व्हावा, गवार वाकवली की कट्‌कन मोडावी. बटाटा, गवार आधी उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर रंग आणि चव दोन्ही जातात. डबा गॅसच्या ओट्यावर ठेवू नका, वाफेने सादळतो. बरणीवर तारीख लिहा आणि जुनं आधी संपवा. अडीअडचणीचा साठा म्हणून नुसत्या वाळलेल्या भाज्या भरून ठेवणारे पुष्कळ पाहिले. बाबांनो, ते शिजवायला पाणी लागतं. पुरात पाणी चहूकडे असतं, पिण्याजोगं नसतं. शेजारी पाण्याचे दोन कॅन आणि स्टोव्हपुरतं इंधन ठेवा, मग साठा म्हणा.

केळी आम्ही पुन्हा केली नाहीत. पिकी तर नाहीच. कच्च्या केळीचं पीठ करतो, तेही थोडंच.

गार्डसाहेब निवृत्त झाले, तरी महिन्याला येतात. मीठ निम्म्यावर आणलं. मागच्या भेटीत म्हणाले, "आता अळणी लागतं."

मार्गशीर्षात हरभऱ्याचा पाला खुडायला सुरुवात होईल. खुडणाऱ्या बायका मिळणं दरवर्षी कठीण होत चाललंय, त्यामुळे यंदा माल कमीच असेल. ज्यांना पाहिजे त्यांनी आधी सांगून ठेवावं, माघ संपला की उरत नाही.