बसल्या जागी लागणारा दम

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिशियन आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) टाकलेला पेशंट दम लागतो म्हणत आला की आधी ईसीजी काढायचा, हे ठरलेलंच. हृदय कमजोर पडलंय का, छातीत पाणी झालंय का, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सोयाबीनच्या काढणीत साठीचे एक आबा मुलासोबत आले. संभाजीनगरला अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकल्याला महिना झाला होता. पिशवीत दोन वेगवेगळे इनहेलर, खोकल्याची बाटली, एक्स-रे, थुंकीचा रिपोर्ट. मळणीच्या धुळीचा दमा म्हणून एकाने इनहेलर दिला, दुसऱ्याने तो बदलला. डिस्चार्ज कार्ड कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. मला याचा संताप येतो.

"सायब, वावरात चालून आलो तर काई नाई. बसल्या जागीच जीव घुसमटतो. मोठा श्वास घेतला की बरं वाटतं."

इथे माझे कान टवकारले. हृदय कमजोर झाल्याचा दम चालताना वाढतो, आडवं पडलं की वाढतो, उशीवर उशी घ्यावी लागते. आबा एका उशीवर गाढ झोपत होते. पायांवर सूज नाही, छातीत घरघर नाही. व्हरांड्यात चालवून आणलं. ऑक्सिजन आधी ९८, नंतरही ९८. ईसीजी पूर्वीसारखाच, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग चांगलं.

कार्डावर होतं: टिकाग्रेलोर ९० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी देतात, आणि फुफ्फुसं चांगली असतानाही तिनं दम लागू शकतो. या गोळीवरच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्लेटो' नावाच्या अभ्यासात ती घेणाऱ्या जवळपास १४ टक्के लोकांनी ही तक्रार केली होती.

मग मुलगा चाचरत बोलला, "मधी दोन दिवस आबानं समद्या गोळ्या बंद केल्त्या. तवा दम नव्हता."

निदान पक्कं झालं, आणि माझ्या पोटात गोळा आला. स्टेंट टाकून महिनाच झालेला असताना या गोळ्या सोडणं म्हणजे थेट जिवाशी गाठ.

स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन तशीच ठेवून टिकाग्रेलोरच्या जागी क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारीच दुसरी गोळी सुरू केली, पहिला डोस मोठा. पुढच्या आठवड्यात आबा आले तेव्हा दम गेला होता.

'या गोळीनं दम लागू शकतो, पण मनानं बंद करू नका, आधी फोन करा', एवढी ओळ कार्डावर मराठीत छापायला काय जातं? त्या दोन दिवसांत आबांचं काही बरंवाईट झालं असतं, तर आम्ही 'दुसरा अटॅक' एवढंच लिहून फाइल मिटवली असती. गोळ्या का सोडल्या, हे कुणी विचारलंही नसतं.