कुकी-वही: एक ओव्हन, बारा मुलं, 360 कुकीज

पहिला शनिवार

मुलांच्या गटाला शिबिरासाठी दोन तंबू घ्यायचे आहेत. त्यांच्या ताईंनी विचारलं, "काका, तुम्ही एवढं बेक करता, मुलांना कुकीज विकून पैसे उभे करायला मदत कराल?" हो म्हटलं आणि त्याच रात्री पाच प्रकारांची यादी करून बसलो. आपली जुनी खोड.

मग हिशेब केला. मुलांचं लक्ष्य 60 पाकिटांचं, एका पाकिटात सहा कुकीज. माझ्या ओव्हनमध्ये एका घाण्याला दोन ट्रे, म्हणजे 24. घाणे झाले 15. एकाला 13 मिनिटं, ट्रे काढणं-घालणं धरून 18. म्हणजे सलग साडेचार तास. पाच प्रकार कसले डोंबलाचे!

अक्रोडाचा प्रकार सर्वात आधी उडाला. गटातल्या एका मुलाला त्याची ॲलर्जी आहे आणि माझ्याकडे भांडं एक, मिक्सर एक. कितीही धुतलं तरी जोखीम कशाला? शेवटी डो, म्हणजे कुकीजचं मळलेलं पीठ, एकच ठेवला. अर्ध्यात चॉकलेट चिप्स, अर्ध्यात बेदाणे. घटकांची चिठ्ठी मात्र प्रत्येक पाकिटावर हवीच, मैदा, अंडं, बटर सगळं लिहून.

दुसरा शनिवार

एका वेळचं माप: बटर 225 ग्रॅम, पांढरी साखर 150, ब्राउन शुगर 200, अंडी दोन, मैदा 320, चिप्स किंवा बेदाणे 300, शिवाय सोडा आणि मीठ मिळून 10. साधारण 1300 ग्रॅम डो, 30 ग्रॅमचे 43 गोळे. नऊ वेळा मळला की 387. लागणार 360, म्हणजे फुटीतुटीला 27.

पहिली चाचणी सपशेल फसली. कुकीज पसरून एकमेकींना चिकटल्या, ट्रेभर एकच पोळी. ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवला तेव्हा कळलं, बटण 175 अंश सेल्सिअसवर, आत जेमतेम 160. ओव्हन थंड असला की कडा धरायच्या आत बटर वितळून वाहतं. त्यात ते फेटतानाच फार मऊ होतं. बटण वर सरकवलं आणि डो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी कडा खरपूस, मध्य मऊ. थंडीत बटर घट्ट होतं आणि मैद्याला ओलावा शोषायला वेळ मिळतो. रंग आणि चवही खुलते. हे बेक करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे, पण अकरा वर्षांच्या मुलांनी दोन कुकीज शेजारी ठेवून ते स्वतः शोधून काढलं, याची मजा वेगळीच.

तिसरा शनिवार

आज मुलांनी गोळे वळले. हाताने वळलेले 22 ग्रॅमपासून 45 ग्रॅमपर्यंत! एकाच ट्रेवर असे ठेवले तर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. स्कूप दिला, वजनकाटा मांडला, आणि सर्वात दंगेखोर मुलाला काट्यावर बसवलं. त्याने एक ग्रॅम जास्त असलेला गोळाही परत पाठवला. माझेसुद्धा.

कच्चा डो चाटायला सक्त मनाई. मुलांना वाटलं अंड्यामुळे; कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात हे ऐकून चेहरे पडले.

गोळे ट्रेवरच गोठवून मग डब्यात भरले. हे जमलं म्हणूनच बाकी जमलं. एका दिवशी मळणं, गोळे वळणं, भाजणं आणि भरणं असं सगळं केलं असतं तर माझ्यासकट सगळे रडले असते.

किमतीवरून वाद झाला. मुलं फक्त मैदा-साखर मोजत होती. पाकिटं, चिठ्ठ्या, बटर पेपर, वीज कुणाच्याच लक्षात नव्हतं. तेव्हा त्यांना एक जुना हिशेब सांगितला. 1917 मध्ये अमेरिकेत मस्कोगी इथल्या गर्ल स्काउट मुलींनी घरी कुकीज भाजून शाळेच्या उपाहारगृहात विकल्या. 1922 मध्ये त्यांच्या संघटनेच्या मासिकात कृती छापून आली: सहा-सात डझनांचं साहित्य 26 ते 36 सेंटमध्ये, आणि विक्री डझनाला 25 ते 30 सेंट. म्हणजे एक-दीड डझनात खर्च वसूल, पुढचा सगळा नफा. मुलांनी लगेच आमचा आकडा काढायला घेतला. साहित्य आणि वेष्टन मिळून किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवलं.

ऑर्डरचा तक्ताही आज निघाला: नाव, कोणती, किती, पैसे दिले की नाही. शेवटच्या रकान्याची मुलांनी थट्टा केली.

भाजणीचा शुक्रवार

आधीच 41 पाकिटांची ऑर्डर आली होती, त्यामुळे जिवात जीव. गोठलेले गोळे थेट ओव्हनमध्ये, म्हणून 13 ऐवजी 15 मिनिटं. साडेचारचे पाच तास झाले. अर्ध्या वेळेला वरचा ट्रे खाली, खालचा वर.

घाई नडली. पहिली आठ पाकिटं कोमट कुकीजची भरली आणि आत वाफ धरली. सगळी उघडून कुकीज पुन्हा जाळीवर मांडल्या. मुलांनी माझ्याकडे जसं पाहिलं, ते विसरणार नाही.

विक्रीचा शनिवार

स्टॉलवर 19 पाकिटं. पहिला अर्धा तास मुलं टेबलामागे कुजबुजत उभी होती. मग ताईंनी 'कुकीज घ्या'ची पाटी उलटून मागे लिहायला लावलं: 'आम्हाला दोन तंबू घ्यायचे आहेत'. लोक थांबून 'कुठलं शिबिर?' विचारू लागले. फुटक्या कुकीजचे तुकडे चिमट्याने देण्याचं काम गटातल्या सर्वात अबोल मुलीकडे होतं. तिला बोलायची गरजच पडली नाही. तुकडा पुढे करायची आणि हसायची. तिच्या बाजूनेच अकरा पाकिटं गेली.

दुपारपर्यंत टेबल रिकामं. दोघादोघांनी वेगवेगळी रोकड मोजली, दोन्ही वेळा एका पाकिटाचे पैसे कमी. तक्ता काढला. शेवटच्या रकान्यात पेन्सिलने बारीक लिहिलेलं सापडलं: 'मावशी, उद्या'.

मावशींनी रविवारी दिले.