हर-टू 'दोन प्लस' आला तेव्हा

पोटाचा कॅन्सर म्हटलं की घरातला प्रत्येक जण एकच विचारतो, ऑपरेशन होईल ना? आमच्याकडे त्याचं उत्तर सीटी स्कॅननंच देऊन टाकलं. अण्णांच्या यकृतावर गाठी होत्या. चौथी स्टेज, म्हणजे आधी केमो. त्याच दिवशी डॉक्टरांनी फाइलवर तीन तपासण्या लिहिल्या: हर-टू, एमएमआर (पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) आणि पीडी-एल-वन (इम्युनोथेरपीसाठी बघतात ते प्रथिन). आत्या वैतागली. "कॅन्सर आहे ते कळलं की, आता अजून काय तपासलालेत रे?"

तिचं चुकत नव्हतं. कॅन्सर आहे हे बायोप्सीनं सांगितलंच होतं. पण तो कशाच्या जोरावर वाढतोय, हा वेगळा प्रश्न. हर-टू हा जीन आपल्या सगळ्यांच्या पेशीत असतो, 17 नंबरच्या गुणसूत्रावर, दोन प्रती. काही जणांच्या गाठीत त्याच्या प्रती भरमसाट वाढतात, त्यामुळे त्याचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर दाटीनं येतं आणि 'वाढ, वाढ' हा संदेश थांबतच नाही. जीन तोच, फक्त त्याचं काम हाताबाहेर गेलेलं. अण्णांनी आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात जॉबरकी केली. ते म्हणाले, "म्हणजे मागाचं हँडल अडकलंय म्हण की. बंदच होईना." डॉक्टर हसले, पण त्यांनी ते खोडलं नाही.

पोटाच्या कॅन्सरमध्ये साधारण 15 ते 20 टक्के रुग्णांत हर-टू पॉझिटिव्ह निघतो. त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन आहे. ते त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. प्रथिनच नसेल तर त्याला धरायला काही नाही, पैसे मात्र जातात. म्हणून आधी तपासणी.

अण्णांचा रिपोर्ट आला 'दोन प्लस'. शून्य किंवा एक प्लस म्हणजे निगेटिव्ह, तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, आणि दोन प्लस म्हणजे अधांतरी. आयएचसी म्हणजे तुकड्यावर रंग चढवून करायची तपासणी, तीत प्रथिनाचा रंग किती गडद चढला ते बघतात. दोन प्लस आलं की 'फिश' नावाची तपासणी करून जीनच्या प्रती प्रत्यक्ष मोजाव्या लागतात. इथून आमची खरी धावपळ सुरू झाली, कारण फिशसाठी ब्लॉक पुण्याच्या लॅबला द्यायचा होता.

ब्लॉक म्हणजे बायोप्सीचे तुकडे मेणात बसवलेली छोटीशी वडी. जिथे एंडोस्कोपी झाली तिथल्या खिडकीवर आधी सांगितलं, "ब्लॉक देत नाही, स्लाइड न्या." पण त्या स्लाइड रंग चढवलेल्या होत्या, फिशला त्या चालत नाहीत. ब्लॉक हवा, नाहीतर त्यातून नव्यानं कापलेल्या कोऱ्या स्लाइड. डॉक्टरांचं पत्र, अण्णांचं आधार कार्ड आणि रजिस्टरमध्ये सही, एवढ्यावर शेवटी काम झालं. निघण्याआधी वडीवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. दुसऱ्याचा ब्लॉक आपल्या नावानं गेला तर उपचारच दुसऱ्याचा होईल.

दिवस मे महिन्याचे. बायोप्सीचं मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेली वस्तू किती तापते ते आपल्याला माहीत आहे. म्हणून डबी गाडीच्या डिकीत नाही, हातातल्या पिशवीत ठेवली आणि सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणे गाठलं. पोटाच्या गाठीत एका कोपऱ्यात हर-टू भरपूर आणि शेजारी काहीच नाही असं होतं, म्हणून एंडोस्कोपीत सहा ते आठ तुकडे घ्यावेत असं तज्ज्ञ सांगतात. अण्णांचे सहा घेतले होते. दोनच असते तर पुन्हा नळी घालावी लागली असती.

केमो थांबवला नाही. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाइन सुरूच होतं. दरम्यान एमएमआरची चारही प्रथिनं शाबूत निघाली. ती गायब असती तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, विचार आधी झाला असता. एका लॅबच्या माणसानं शेकडो जीन्सची तपासणी सुचवली. मी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "त्यानं आत्ताचं औषध बदलेल का?" ते म्हणाले, "आत्ता नाही." विषय संपला. (हा प्रश्न कुठल्याही महागड्या तपासणीआधी विचारायला हरकत नाही.)

फिशमध्ये हर-टूच्या प्रतींचं 17 नंबरच्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूंच्या संख्येशी गुणोत्तर काढतात. दोन किंवा जास्त आलं की पॉझिटिव्ह. अण्णांचं चारच्या वर होतं. आधी टूडी इको, कारण ट्रास्टुझुमॅब हृदयाला त्रास देऊ शकतं, आणि मग दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच बनवलेली इंजेक्शनं, असल्यानं खर्च आमच्या आवाक्यात आला. सरकारी योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

आकडे मी स्वतः शोधले. 2010 साली छापून आलेल्या 'टोगा' या ट्रास्टुझुमॅबच्या रुग्णांवरच्या चाचणीत नुसत्या केमोवर आयुष्याचा मध्यक (मीडियन) 11.1 महिने होता, ट्रास्टुझुमॅब जोडल्यावर 13.8. ज्यांच्यात हर-टूचं प्रमाण जास्त होतं, म्हणजे तीन प्लस किंवा दोन प्लस आणि फिश पॉझिटिव्ह, त्यांच्यात 11.8 चे 16 महिने. कुणाला हा फरक तुटपुंजा वाटेल. मला नाही वाटला. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले, हेही त्यातच आहे. अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं. पुढचं इंजेक्शन कधी?"

पहिल्या स्कॅनमध्ये यकृतावरच्या गाठी आकसल्या होत्या. अण्णा पुन्हा कडक भाकरी दुधात कुस्करून खायला लागले, शेंगाचटणी मात्र आम्ही लपवून ठेवतो. अलीकडच्या स्कॅनमध्ये एक गाठ परत वाढलेली दिसली. ट्रास्टुझुमॅब घेतल्यावर काहींच्या गाठीतून हर-टू नाहीसा होतो, म्हणून पुढचं औषध ठरवण्याआधी नवी बायोप्सी आणि पुन्हा आयएचसी करायचं ठरलं आहे. एंडोस्कोपीची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे, आणि ब्लॉक मागण्याचं पत्र डॉक्टरांनी आत्ताच लिहून दिलं आहे.