डीफ्रॉस्टचा रविवार

दुपारी चहासाठी आलं शोधत फ्रीजसमोर उभी होते, तर तो टीं टीं करायला लागला. दार फार वेळ उघडं राहिलं म्हणून. पूर्वी हे काम आईकडे होतं. "दार लाव आधी, काय ते मग ठरव!"

आमच्या जुन्या एकदारी फ्रीजला आवाज नव्हता. तो मुकाट बर्फ धरायचा. आम्ही जितक्या वेळा दार उघडू तितकी दमट हवा आत, आणि तितकीच फ्रीजरच्या भिंतींवर पांढरी भुसभुशीत साय. पावसाळ्यात तर बर्फाचा ट्रे असा रुतून बसायचा की पाहुण्यांच्या सरबतात नुसतं माठाचं पाणी.

मग एखाद्या रविवारी सकाळी आई डीफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळवायचं, लाल बटण दाबायची. १ ते ७ आकड्यांच्या चकतीमधलं. (ती चकती कायम ४ वर. ७ वर नेली तर काय होईल हे बघायचं धाडस घरात कोणी केलं नाही.) खाली जुने टॉवेल, परात, आणि आम्हाला ताकीद : सुरी लावायची नाही. त्या भिंतीतूनच गॅसच्या नळ्या जातात, एक भोक पडलं की फ्रीजचं कपाट. तरी बाबा हळूच उलथणं घेऊन यायचेच.

तोवर सगळा फ्रीज फरशीवर. सायीचा डबा, विरजणाची वाटी, अर्धा नारळ, वाळलेली कढीलिंबाची डहाळी. अंड्यांच्या कप्प्यातली लिंबं, टॉर्चचे सेल आणि डोळ्यांत घालायचे थेंब. अंडी आमच्या घरात कधी आलीच नाहीत. आजी पाटावर बसून एकेक झाकण उघडायची, वास घ्यायची आणि विचारायची, "ही आमटी कुणी ठेवली?" ठेवणारं माणूस कधीच सापडलं नाही. चांगली निघाली तर तिच्यात पीठ मळून दुपारी थालीपीठं. मध्येच आत धप्प करून बर्फाची लादी पडायची आणि आम्ही तिकडे धावायचो. तो बर्फ चोखला की जिभेवर कालची भाजी यायची, तरी चोखायचो.

आताचा फ्रीज बर्फ धरतच नाही. आतला हीटर तो अधूनमधून वितळवतो, पाणी मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेत उतरतं आणि त्याच्याच उबेने उडून जातं. बाईमाणसाची एक सकाळ वाचली, त्याबद्दल तक्रार नाही. पण फ्रीज रिकामा करायला आता काही निमित्तच उरलं नाही. खण खोल, पुढच्या रांगेतलं रोज वापरायचं, मागच्या रांगेत जे गेलं ते गेलं. त्यात आमच्याकडे सगळं श्रीखंडाच्या डब्यांत. दर वेळी मी आशेने झाकण उघडते आणि आत भिजवलेली मटकी असते. डबे काचेचेच हवेत असा माझा हट्ट आहे, पण रिकामा श्रीखंडाचा डबा टाकवतो कुणाला?

आल्यासाठी हात घातला तर अगदी मागे एक बरणी लागली. काहीतरी तपकिरी, वर तेलाचा तवंग. नवरा म्हणतो त्याच्या मावशीचं मिरचीचं लोणचं, मुलगी म्हणते चिंचेची चटणी. वासावरून दोन्ही वाटतं. चाखायला कोणी तयार नाही आणि टाकायलाही नाही. आलं काही मिळालं नाही. वेलची घातली.